महाराजांच्या गाडीचा चौथा टर्बो

कोंडगडच्या महाराजांच्या गाडीचा टर्बो तिसऱ्यांदा जळाला, तेव्हा दरबारात मारामारी होता होता राहिली.

पहिला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, गाडीबरोबरच आला होता. तो चार महिने टिकला. दुसरा दिवाणजींनी थेट कंपनीकडून मागवला, तोही चारच महिने. तिसरा महाराजांचे मेहुणे बाळाजीराव यांनी बाजारातून आणला. "कंपनीपेक्षा दणकट आहे, घाटच दमेल," असं ते म्हणाले होते. तो सव्वातीन महिन्यांत गेला.

"बाजारातला माल. दुसरं काय होणार?" दिवाणजी म्हणाले.

"कंपनीचा तरी कुठे लोणच्यासारखा टिकला?" बाळाजीरावांनी बाह्या सरसावल्या.

महाराजांनी दोघांना गप्प केलं आणि हैबती मिस्त्रीला बोलावणं धाडलं. हैबतीची कंबर धरलेली, म्हणून त्याची मुलगी सुंद्रा आली. गडाखालचं गॅरेज तीच चालवायची. हाताला ग्रीस होतं, तेव्हा मुजरा तिने कोपरानेच केला.

"कंपनीचा बसवायचा की बाजारातला, ते तू ठरव," महाराज म्हणाले. "पण दसऱ्यापर्यंत टिकला पाहिजे. जळला तर तुझं गॅरेज पाडून तिथे आमच्या मोरांसाठी पिंजरा बांधू."

"आणि टिकला तर?"

"टिकत नाही, म्हणून तर तुला बोलावलंय."

दसरा सहा महिन्यांवर होता. बापाची कंबर ही अशी, आणि गॅरेजशिवाय दुसरा आधार नाही. पण ती एवढंच म्हणाली, "धूर आला तर येऊ दे, गाडी एकदा घाट चढवून आणा. मी दारात उभी राहून बघते."

आता कोंडगडची रीत सांगायला हवी. महाराजांचा पाय जमिनीला लागला की आवाज करणारं जे जे असेल ते बंद. पणजोबांच्या काळी हत्तीची घंटा माणसं हाताने धरून ठेवत. सगळं शांत झालं की चोपदार एक ललकारी देई आणि महाराज आत जात. हत्ती जाऊन गाडी आली, रीत तीच राहिली. त्यात हे महाराज कुणासाठी थांबणारे नव्हते. स्वतःच्या लग्नात अंतरपाट सरकायच्या आधीच त्यांनी माळ घातली होती, आणि ती भटजींच्या गळ्यात पडली होती.

तर गाडी फुरफुरत घाट चढून आली. ती नीट उभी राहायच्या आत महाराजांनी दार उघडून पाय खाली टाकला. ड्रायव्हरने खटकन किल्ली फिरवली. सुंद्राने बॉनेटजवळ हात नेला आणि लगेच मागे घेतला.

"रोज असंच?" तिने ड्रायव्हरला हळूच विचारलं.

"रोज. मागचा ड्रायव्हर एकदा म्हणाला होता, सरकार, जरा थांबा. तो आता मोरांना दाणे टाकतो."

सुंद्रा दरबारात परत आली. "कंपनीचाही मागवा, बाजारातलाही मागवा. मी चिठ्ठी टाकते. निघेल तो बसवते."

"हा काय टर्बो आहे की भिशी?" दिवाणजी म्हणाले.

"पण त्याला एक जोडपार्ट लागेल, तो घरीच बनवावा लागेल. त्यासाठी चार दिवस तुमचा चोपदार द्या."

"भिकोबा? त्याला पाना धरता येत नाही," महाराज म्हणाले.

"पाना माझ्याकडे आहे."

पाचव्या दिवशी नवा टर्बो बसवलेली गाडी घाट चढून आली. महाराजांनी दार उघडलं, पाय बाहेर काढला, आणि तो हवेतच राहिला. दाराशी भिकोबा चोपदार दंड रोवून उभा होता, आणि त्याने सुरू केलं होतं, "घाटविजयी, मोरप्रतिपालक, नऊ विहिरींचे धनी, आंबा कापून न खाता चोखूनच खाणारे..."

अशी बावीस बिरुदं होती. स्वतःची बिरुदं अर्धवट टाकून उठायचं म्हणजे स्वतःचाच अपमान. महाराजांनी पाय आत घेतला आणि टेकून बसले. इंजिन बारीक गुरगुरत राहिलं. बाविसावं बिरुद संपलं, पाय जमिनीला लागला, किल्ली फिरली.

"उद्याही हेच म्हण," महाराज भिकोबाला म्हणाले. "जरा सावकाश."

दसऱ्याला गाडी घाट चढून आली. धुराचा मागमूस नव्हता. भर दरबारात महाराजांनी विचारलं, "पोरी, चिठ्ठीत निघालं काय होतं?"

"बाजारातला."

बाळाजीरावांनी मिशीला पीळ दिला.

"कंपनीचा निघाला असता तरी टिकलाच असता," सुंद्रा म्हणाली, आणि मिशी होती तिथे आली. "घाट चढला की टर्बो लालबुंद होतो. त्याला निववतं ते इंजिनाचं फिरतं तेल. तुमचा पाय लागला की किल्ली फिरायची. तेल जागीच थांबायचं आणि फोडणी करपावी तसं करपायचं. दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू राहिलं की कुठलाही टर्बो जगतो. जोडपार्ट तो तिथे उभा आहे, दंड घेऊन."

भिकोबाने छाती काढली.

महाराजांच्या कपाळावर आठी पडली. "मग पहिल्याच दिवशी सरळ का नाही सांगितलंस, की महाराज, दोन मिनिटं बसून राहा?"

"सांगितलं असतं तर बसला असता, महाराज?"

दिवाणजी छताकडे बघू लागले.

"नसतो बसलो," महाराज म्हणाले. "तुलाही मोरांकडे धाडलं असतं." आणि ते हसायला लागले. इतके हसले की भिकोबाला दंड टाकून पाणी आणायला पळावं लागलं.

गॅरेजची जागा कायमची हैबतीच्या आणि सुंद्राच्या नावावर झाली. जुन्या ड्रायव्हरची मोरांपासून सुटका झाली. शिवाय हुकूम निघाला, की सुंद्रा गडावर आली की तिलाही ललकारी द्यायची.

दुसऱ्याच दिवशी ती स्कूटरवरून गडावर आली. भिकोबाने दंड रोवला आणि पोटभर श्वास घेतला.

"भिकोबाकाका, थोडक्यात आटपा," ती किल्ली काढत म्हणाली. "माझ्या स्कूटरला टर्बो नाही."