कोरं पाणी

“मग माझी... जीभ का... अडखळते, हर्षद?”

एवढं बोलायला वाघमोडे सरांना बराच वेळ लागला. हर्षद खोपडे खुर्चीत चुळबुळला. याच सरांनी त्याला पाणी तपासायला शिकवलं होतं. तेव्हा त्यांचं वाक्य एकदा सुरू झालं की पूर्णविरामाशिवाय थांबत नसे.

“वयामुळं होतं, सर. पाण्याचा काही संबंध नाही. त्यात ॲल्युमिनियम नाही. मी स्वतः मोजलंय.”

सरांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. तालुक्याच्या डायलिसिस केंद्रातलं शुद्धीकरण यंत्र बंद पडल्यापासून तिथं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नुसतं गाळून वापरत होते. का, तर हर्षदच्या नावाजलेल्या प्रयोगशाळेनं ‘ॲल्युमिनियम आढळले नाही’ असा निर्वाळा दिला होता. प्यायलेलं ॲल्युमिनियम बहुतेक पोटातूनच बाहेर पडतं. डायलिसिसच्या पाण्यातलं मात्र सरळ रक्तात उतरतं आणि मेंदूत जाऊन बसतं.

“केंद्रात यांच्या शेजारच्या खाटेवरची रेश्मा,” काकू दारातून म्हणाल्या, “परवा पोटच्या लेकीला विचारत होती, तू कुणाची गं? उद्या पुन्हा तिचं डायलिसिस आहे.”

हर्षदच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या मापावर संशय, आणि तोही गुरूच्याच घरात.

“काकू, यंत्र नवंकोरं आहे माझं. आणि यंत्राचं राहू द्या. सरांनीच शिकवलंय, कोरं पाणी मोजल्याशिवाय आकडा सांगायचा नाही.”

कोरं पाणी म्हणजे प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी, नमुन्यासारखंच थोडं आम्ल घातलेलं. तपासताना आपल्या हातून, हवेतून जी घाण नमुन्यात जाते, तीच त्यातही जाते. तेवढी वजा करायची. उरेल ते झऱ्याचं.

“झऱ्याचा आकडा आला. कोऱ्या पाण्याचाही तेवढाच आला. वजा केलं, शून्य उरलं. यात मी लपवलं काय? हे बघा, कोरं पाणीच घेऊन आलोय.”

त्यानं पिशवीतून बाटली काढली आणि सरांच्या हाती दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

सरांनी बाटली उजेडात धरली. त्यांचे ओठ हलले.

“का... का...”

पुढचं अक्षर येईना. सरांचे डोळे भरून आले. काकूंनी मान फिरवली.

मग सरांनी बाटलीवर नखानं टिचकी मारली.

टण्ण.

काच! हर्षदला आठवलं. पहिल्या वर्षी सरांनी त्याला प्लॅस्टिकच्या बाटल्या आम्लात भिजवून धुवायला बसवलं होतं. काचेला शिवू देत नसत. काचेतच ॲल्युमिनियम असतं, आम्ल ते हळूहळू ओढून घेतं. पोरं त्याला ‘सरांचं सोवळं’ म्हणून हसायची. हर्षद सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

झऱ्याच्या पाण्याला त्यानं प्लॅस्टिकची बाटली दिली होती. कोरं पाणी मात्र घरचंच, त्याला कसलं आलंय सोवळं, म्हणून ते महिनोन्महिने काचेत ठेवून दिलं होतं. काचेतली ती घाण त्यानं झऱ्याच्या विषातून प्रामाणिकपणे वजा केली होती.

त्यानं तिथूनच केंद्राला फोन लावला.

“ते पाणी बंद करा. अहवाल चुकलाय... हो, माझाच. उद्यापासून सगळ्यांना जिल्ह्याला पाठवा. रेश्माबाईंना आधी.”

फोन ठेवून तो सरांच्या पायांशी जमिनीवर बसला.

“सर... तुमच्यात किती उतरलंय?”

सरांनी बाटली त्याच्या हाती परत दिली.

“वजा... करून... बघ.”