कडुनिंबाची धुतलेली पाने

शिंदोळी गावात रंगनाथराव काटवटे यांचे खडीचे क्रशर होते. त्याची धूळ वाळवणावर बसू लागल्यापासून सुंद्राबाईंच्या कुरडयांना गिऱ्हाईक उरले नव्हते. परवान्याची मुदत वाढवण्यापूर्वी हवा तपासणारे अधिकारी आले, तेव्हा सुंद्राबाई निर्धाराने फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

रंगनाथरावांनी तेथला कडुनिंब दाखवला. “साहेब, पाने पाहा, आरशासारखी आहेत. हवेत धूळ असती तर ती इथे दिसली नसती?”

फांद्यांवरून अजून पाणी ठिबकत होते, हे सुंद्राबाईंच्या नजरेतून सुटले नाही.

“मालक, झाड रोज धुता व्हय?”

“रोज सकाळी टँकरने न्हाऊ घालतो. झाडांवर जीव आहे माझा.”

“मग चार दिवस नका घालू. हवा चांगली असंल, तर पानं अशीच ऱ्हातील.”

“आणि उन्हाने झाड वाळले म्हणजे, कुरडयावाल्या बाई?”

“बुंध्याशी पाणी घाला की. झाड मुळानं पाणी पितं मालक, पानानं न्हाई.”

अधिकाऱ्यांनी परवान्याचा कागद सही न करताच मिटला, टँकर परत पाठवला आणि चार दिवसांनी येण्याचे ठरवले. ते आले तेव्हा कडुनिंब राखाडी झाला होता. त्या दुपारी क्रशर थांबले, आणि सुंद्राबाईंनी अंगणात कुरडया घातल्या.