रेघूच्या खुर्चीचं चाक

एक होती खार. इवलीशी खार. पाठीवर रेघा, म्हणून नाव रेघू.

रेघूचे मागचे पाय चालत नव्हते. म्हणून तिला होती चाकांची खुर्ची. मागं दोन मोठी चाकं. पुढं दोन छोटी चाकं. हातांनी ढकलली, की निघाली. गरगर गरगर! शाळेत गरगर. नळावर गरगर. मैत्रिणीकडे गरगर.

एकदा काय झालं? पुढच्या चाकाचा नट निघाला. टिंग! टिंग! डुबुक! नट गेला विहिरीत. चाक आलं निखळून. खुर्ची झाली वाकडी.

आईनं रेघूला उचललं. घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी आई कामात. शाळेची घंटा झाली. रेघू घरात. मैत्रिणी हाका मारून गेल्या. रेघू घरात. तहान लागली. "आई, पाणी!" आई आली, तेव्हा पाणी.

तिसऱ्या दिवशी रेघू म्हणाली, "आई, मी खुर्ची दुरुस्त करून आणते."

"तीन चाकांवर जाशील?"

"हळूहळू जाईन."

चाक घेतलं मांडीवर. रेघू रेलली मागं. आणि निघाली. खर्र कच्च! खर्र कच्च!

वाटेत माकडमामाचं दुकान. माकडमामा होता मिस्त्री.

"माकडमामा, माकडमामा, चाक बसव!
चाकाविना खुर्ची चालेना!"

माकडमामा म्हणाला, "नटाशिवाय कसं बसवू? अस्वलकाकाकडून नट आण. मग चाक बसवीन. नाहीतर ये, खांद्यावर बस. घरी सोडतो."

"नको मामा. मला खुर्ची हवी."

खर्र कच्च! खर्र कच्च!

पुढं अस्वलकाकाची भट्टी. अस्वलकाका होता लोहार.

"अस्वलकाका, अस्वलकाका, नट घडव!
माकडमामा चाक बसवीना,
चाकाविना खुर्ची चालेना!"

अस्वलकाका म्हणाला, "भट्टी बघ, गार पडलीय. गाढवदादाकडून कोळसा आण. मग नट घडवीन."

खर्र कच्च! खर्र कच्च!

पुढं झाडाखाली गाढवदादा. चांगला पाय पसरून बसलेला.

"गाढवदादा, गाढवदादा, कोळसा आण!
अस्वलकाका नट घडवीना,
माकडमामा चाक बसवीना,
चाकाविना खुर्ची चालेना!"

गाढवदादा म्हणाला, "सकाळपासून पोटात काही नाही गं. म्हैसमावशीकडून गवत आण. मग कोळसा आणीन."

खर्र कच्च! खर्र कच्च!

पुढं गोठा. गोठ्यात म्हैसमावशी. शेजारी गवताचा हा एवढा ढीग!

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, गवत दे!
गाढवदादा कोळसा आणीना,
अस्वलकाका नट घडवीना,
माकडमामा चाक बसवीना,
चाकाविना खुर्ची चालेना!"

म्हैसमावशी म्हणाली, "माझा घसा कोरडा पडलाय. हौदात थेंब नाही. कासवआजोबांना सांग पाणी सोडायला. मग गवत देईन."

खर्र कच्च! खर्र कच्च! रेघूचे हात दुखले. ती थांबली. दोन श्वास घेतले. पुन्हा निघाली. खर्र कच्च! खर्र कच्च!

पुढं तळं. तळ्याकाठी कासवआजोबा.

"कासवआजोबा, कासवआजोबा, पाणी सोडा!
म्हैसमावशी गवत देईना,
गाढवदादा कोळसा आणीना,
अस्वलकाका नट घडवीना,
माकडमामा चाक बसवीना,
चाकाविना खुर्ची चालेना!"

कासवआजोबा म्हणाले, "पाणी तर सोडलंय, बाळ. सकाळीच सोडलंय. पण नळीत शेवाळ अडकलंय. माझे हात पडले आखूड. आतवर पोचत नाहीत."

रेघूनं नळीत वाकून पाहिलं. शेवाळ होतं हिरवंगार. गच्च बसलेलं.

"आजोबा, मी ओढते."

"तू? जमेल?"

रेघूनं खुर्चीला ब्रेक लावला. कट्ट! हात घातला नळीत. धरलं शेवाळ. रोज चाकं ढकलणारे हात ते! ओढ गं ओढ! ओढ गं ओढ! फस्सकन शेवाळ बाहेर!

"वा गं वा!" कासवआजोबा म्हणाले.

पाणी निघालं. खळखळ खळखळ! हौद भरला.
म्हैसमावशी पाणी प्यायली. गटागट गटागट! तिनं दिलं गवत.
गाढवदादानं गवत खाल्लं. करमकरम करमकरम! त्यानं आणला कोळसा.
अस्वलकाकानं भट्टी पेटवली. फूस फूस! ठण ठण! त्यानं घडवला नट.

एक घडवला. मग थांबला. मग अजून एक घडवला.

"हा दुसरा कशाला, काका?" रेघूनं विचारलं.

"जवळ असू दे. पुन्हा निघाला, तर दोन दिवस घरात बसायला नको."

रेघू आली माकडमामाकडे. मामानं चाक लावलं. नट घातला. पान्यानं पिळला. कर्र! कर्र! कर्र! चाक हलवून पाहिलं. घट्ट. दुसऱ्या चाकाचा नटही पाहिला. तोही जरा पिळला.

"बघ बरं," मामा म्हणाला.

रेघूनं हात लावला. खुर्ची सरळ. खर्र नाही. कच्च नाही. नुसतं गरगर गरगर!

रेघू पुढं गेली. मागं आली. गोल फिरली. पुन्हा गोल फिरली. मग हसत सुटली.

"आता कुठं? घरी?" मामानं विचारलं.

"नाही."

"मग शाळेत?"

"आज तर रविवार!"

"मग कुठं गं?"

रेघू म्हणाली, "अजून ठरवलं नाही!"

आणि निघाली. गरगर गरगर! गरगर गरगर!

रेघू गेली पुढं. गोष्ट राहिली मागं.