कोंडाक्काचं वाळवण

फार मागची गोष्ट. शहर अजून वेशीच्या आत होतं, आणि आमची टाकळकर गल्ली इतकी चिंचोळी की ऊनसुद्धा अंग चोरून यायचं. सगळ्या गल्लीला मिळून मधलं एक पटांगण. लग्नाचा मांडव तिथं, पोरांची लगोरी तिथं, म्हाताऱ्यांचं ऊन खाणंही तिथंच.

गल्लीत कोंडाक्का राहायची. जात्याला टाकी लावायची, आणि तोंडानं त्या टाकीहून धारदार, असं म्हणतात.

एका चैत्रात शहराचे कारभारी त्र्यंबकपंत यांचा निरोप आला : उद्यापासून पटांगणात वखार बांधणार. गल्लीतले बाप्ये माना खाली घालून बसले. कोंडाक्का मात्र पदर खोचून उठली. पटांगण गेलं तर गल्लीचा श्वासच कोंडणार!

घरोघरी कुरडयांचा चीक शिजत होता. अक्का दारोदार फिरली. "सोऱ्या घ्या, अंथरायला धडुती घ्या, पटांगण भरून टाका. बोटभर जागा सोडू नका."

"अक्का, कारभारी तुडवील की गं!"

"तुडवू दे. अन्नावर पाय देणारा माणूस कसा दिसतो, ते मला बघायचंच आहे."

पंत गवंडी घेऊन आले. बघतात तर काय, पांढऱ्याशुभ्र कुरडयांनी पटांगण झाकलेलं, आणि कडेला काठी घेऊन अक्का. गवंड्यांनी वहाणा काढल्या आणि तिथंच थांबले. अन्न कोण ओलांडणार?

"उचल हे," पंत गरजले.

"ओलं आहे, पंत. ओलं वाळवण उचललं तर मोडतं. वाळलं की या."

"कधी वाळेल?"

"ते उन्हाला विचारा. माझा त्याचा बोलाचालीचा संबंध नाही."

पंत रोज यायचे. ऊन असं की कावळे चोची वासून बसलेले, पण कुरडई ओलीच. काही शहाणे म्हणतात, बायका पहाटे नवा चीक घालायच्या. घालत असतील! हात त्यांचे, चीक त्यांचा.

मग वळीव आला. पंतांना वाटलं, आता सगळं वाहून जाईल. गटारं फुगली, कौलं उडाली, पण पटांगणावर थेंब पडला नाही, असं म्हणतात. चिडून पंतांनी स्वतःच पाय उचलला. तेव्हा थोरला गवंडी म्हणाला, "पंत, तुम्ही पाय टाका. पण त्यानंतर तुमच्या घराची वीट या हातानं लागणार नाही."

उचललेला पाय पंतांनी मागे घेतला. वखार वेशीबाहेर गेली.

आता गल्लीत चार मजली इमारती आहेत. पटांगणाला नळ आहे, बाकडी आहेत, कोपऱ्यात वाचनालय आहे. पाकिटातल्या कुरडया तळणारी घरंसुद्धा चैत्रात एक ओली कुरडई तिथं अक्काच्या नावानं घालतात. ती वाळेपर्यंत कुणी गाडी लावत नाही.

गेल्या साली एक साहेब फीत घेऊन पार्किंगसाठी मापं घ्यायला आले. ओली कुरडई बघून कडेलाच थबकले, बूट काढले आणि विचारलं, "हे कधी निघणार?"

नळावरच्या बायका एका सुरात म्हणाल्या, "अक्काला विचारून सांगतो!"

साहेब अजून वाट बघताहेत.