बैल फिरेल तेवढी वीज

एका नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावाला पूल नव्हता. गावात सगुणा नावाची मुलगी राहायची. तिची थोरली बहीण तुळसा पलीकडच्या काठावरच्या गावात दिलेली होती. यंदा नदीला पूर आला आणि त्याच पुरात तुळसाला मुलगा झाला. सगुणाला भाचा कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोज दिसायचा. तो जांभई द्यायचा, शिंकायचा, एकदा तर तिच्याकडे बघून हसलासुद्धा. पण कडेवर काही घेता यायचा नाही. पडद्याला हात लावला तर काचच लागायची, आणि सगुणाचा जीव नुसता तळमळायचा.

त्या राज्याचा राजा खेळांचा मोठा शौकीन होता. दरवर्षी राजधानीच्या जत्रेत तो कॉम्प्युटरवरची घोडदौड भरवायचा. पडद्यावर घोडे, पडद्यावर दऱ्या, पडद्यावर ओढे, आणि समोर हजारो माणसं आरडाओरडा करायला. जे गाव जिंकेल त्याने मागितलेलं राजा बांधून द्यायचा. आता सगुणाच्या गावाला काय मागायचं होतं ते सांगायलाच नको.

या शर्यतीच्या दोन रीती होत्या. पहिली अशी, की प्रत्येक गावाने आपापला बैल आणायचा. बैल रहाटाला जुंपायचा, त्याने गोल फिरायचं, आणि त्यातून निघेल तेवढ्याच विजेवर त्या गावाचा कॉम्प्युटर चालायचा. दुसरी रीत अशी, की खेळणाऱ्याने घरी राहिलेल्या माणसांना शर्यत दाखवायची. पडद्याच्या कोपऱ्यात गावाकडची मंडळी दिसत राहिली पाहिजेत, त्यांनी विचारलं तर उत्तर दिलं पाहिजे, आणि मागे गावाचं गाणं वाजत राहिलं पाहिजे. गावाला विसरून एकट्यानेच जिंकण्यात राजाला काही गंमत वाटत नसे.

पडदा, चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड आणि बाकीचं सगळं सामान राजा सर्वांना सारखंच द्यायचा. फक्त प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तेवढा ज्याने त्याने राजाच्या भांडारातून निवडायचा.

सगुणा निघाली तेव्हा पाटलांनी तिला वेशीपर्यंत येऊन बजावलं, "चोवीस कोरचाच आण बरं का. कोर म्हणजे मेंदूतले गडी. नांगराला बैल वाढवला की नांगर खोल जातो, तसं गडी वाढले की घोडा पळणारच."

सगळ्यांनी माना हलवल्या. सगुणानेही हलवली. तिला ते पटलंच होतं.

भांडारात मखमली पेटीत तो चोवीस कोरचा प्रोसेसर ठेवला होता. केवढा त्याचा रुबाब. पूल झालाच, भाचा कडेवर आलाच, असं तिला वाटलं आणि तिने हात पुढे केला.

"घे, घे," भांडारीण म्हणाली. ती पान चघळत बसली होती. "राजाचा नकाशे काढणारा कधीपासून यावर डोळा ठेवून आहे. तो हळहळेल, पण निवडण्याचा पहिला मान तुम्हा खेळणाऱ्यांचा."

"त्याला कशाला हवाय?"

"त्याला अख्ख्या राज्याचे डोंगर, नद्या, रस्ते एकदम काढायचे असतात. चोवीस जणांना चोवीस कामं देतो तो. कुणी रिकामं राहत नाही."

सगुणाचा हात जिथल्या तिथे थांबला. "आणि घोडदौडीत?"

"घोडदौडीत काम पाच-सहा जणांनाच मिळतं. त्यांचा हात किती चपळ आहे ते महत्त्वाचं. बाकीचे बसून राहतात."

"बसून राहिले तरी खातात का?"

भांडारीण पान चघळायची थांबली. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. पण सगुणाला तो सुचणारच होता, कारण घरच्या बैलाला, कबऱ्याला, रोज वैरण तीच घालायची. कोण किती खातो आणि त्याच्या बदल्यात काय करतो, याच्यावर तिचं सतत लक्ष असायचं.

"त्याचा खुराक मोठाच आहे बाई," भांडारीण म्हणाली. "वीजही ढीगभर लागते आणि तापतोही फार."

सगुणा तिथेच खाली बसली. आपल्याला करायचंय काय, हे तिने मनाशी घोळवून पाहिलं. एक खेळ, कोपऱ्यात गावाकडची मंडळी, मागे एक गाणं. एवढंच. आणि हे सगळं ओढणार कोण? कबऱ्या. तो इमानी होता, पण आता पहिल्यासारखा तरणा राहिला नव्हता. ती उठली आणि कोपऱ्यातल्या साध्या खोक्यातला सहा कोरचा, चपळ हाताचा प्रोसेसर तिने उचलला. मखमली पेटीकडे तिने जाता जाता दोनदा वळून पाहिलं, हेही खरं.

ती परतली आणि गावात एकच कल्लोळ झाला. पाटील तर कपाळाला हात लावून बसले. पारावरचं एक खोडसाळ म्हातारं म्हणालं, "सगुणे, आपल्याला पूल मागायचाय गं, पायरी नव्हे."

लोक हसले. सगुणाला रडू आलं. संध्याकाळी ती पडद्यावरच्या बहिणीला म्हणाली, "ताई, मी चुकले का गं?"

तुळसा बाळाला थोपटत होती. "मला त्या मेंदूतलं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण कबऱ्याला किती ओझं झेपतं हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. जा तू बिनधास्त."

आणि जत्रेचा दिवस उजाडला. बाकीची गावं एकेक करून बाद झाली आणि शेवटच्या फेरीत दोघंच उरली. एक सगुणा, दुसरा वरच्या डोंगरगावचा रायबा. मखमली पेटी त्याने पटकावली होती. त्याचा बैलही असा तगडा, की नुसता बघत राहावा.

नगारा वाजला. रायबाचा काळा घोडा सुटला तो थेट पुढेच गेला. पहिला ओढा त्याने हवेतच पार केला. लोक बाकांवर उभे राहिले. सगुणाचा तांबडा घोडा मागून टापा टाकत येत होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तिचं अख्खं गाव दाटीवाटीने तोंडं खुपसून बसलं होतं.

"सगुणे, आपला घोडा काळा का तांबडा?" तेच खोडसाळ म्हातारं विचारत होतं.

"तांबडा, आबा," सगुणा म्हणाली आणि तेवढ्यात तिने घोड्याला खंदकावरून उडवलं.

"मग तो मागे का?"

"येतोय, आबा. धीर धरा."

मागे गावाचं गाणं वाजत होतं. हे मोट हाकताना म्हणायचं गाणं होतं आणि कबऱ्याने ते वासरू असल्यापासून ऐकलं होतं. त्या ठेक्यावर तो एकेक पाऊल टाकत होता. ना घाई, ना थकवा. सगुणाच्या पडद्यावरचं चित्र ओढ्याच्या पाण्यासारखं सरळ वाहत होतं.

रायबाकडे मात्र पंखा घोंघावायला लागला. मेंदू तापला आणि वीज ओढू लागला. ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला वीज कमी पडली आणि चित्र अडखळलं. काळा घोडा उडी मारायचा, हवेत क्षणभर लटकायचा, मग एकदम पलीकडेच दिसायचा. गाणंही तुटक वाजू लागलं, तसा रहाटाच्या बैलाचा ठेका चुकला. त्याच्या तोंडाला फेस आला. कुणीतरी चाबूक उगारला.

"मारू नका त्याला," रायबा ओरडला.

शेवटचं वळण आलं. दोन्ही घोडे जोडीने पळत होते. जत्रेत कुणाचा श्वास वर, कुणाचा खाली. सगुणाच्या पडद्यावर कोपऱ्यात नदीपलीकडून जोडलेली तुळसाही दिसली, तिने बाळाला उचलून धरलं होतं. सगुणाने लगाम सैल सोडला आणि तांबड्या घोड्याने मान पुढे काढली. त्याच क्षणी रायबाचा बैल थांबला, त्याने पाय दुमडले आणि तो खाली बसला. रायबाचा पडदा काळा झाला.

तांबडा घोडा रेषेपार गेला. कोपऱ्यात पाटील कुणाच्या तरी गळ्यात पडून रडत होते. आणि रायबा? तो खुर्ची सोडून धावला होता. बैलाच्या तोंडाशी पाण्याची बादली धरून तो त्याची माफी मागत होता. सगुणा आपला विजय सोडून आधी तिकडे गेली आणि तिने बैलाचं कपाळ चोळून दिलं.

"चूक माझी. मी मेंदूच बघत बसलो," रायबा तिला म्हणाला. "ओढणाऱ्याचा विचारच केला नाही."

राजाने काय हवं ते विचारलं, तेव्हा सगुणाने पूल मागितला. रायबाने चोवीस कोरचा प्रोसेसर आपण होऊन नकाशे काढणाऱ्याला दिला. राजवाड्याजवळच्या धबधब्यावर भरपूर वीज तयार व्हायची. तिथे ते चोवीसही गडी कामाला लागले, नदीचं प्रत्येक वळण त्यांनी मापून काढलं आणि पुलासाठी नेमकी जागा दाखवली. पाटलांनी तो नकाशा पाहिला आणि म्हणाले, "हा मेंदूही वाईट नाही हो."

पूल झाला. पहिला मान कबऱ्याचा होता. झूल घालून, शिंगं रंगवून त्याला पुलावर सोडलं, तर हा पठ्ठ्या मधोमध गेला आणि सवयीने गोल गोल फिरायला लागला. दोन्ही काठांवर हशा पिकला. तेवढ्यात पलीकडून तुळसा आली. कबऱ्याला वळसा घालून ती सगुणापाशी पोचली आणि तिने बाळ तिच्या कडेवर दिलं. सगुणाला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच जड निघालं. तिने त्याला घट्ट धरलं आणि मग मात्र ती मनसोक्त रडली.

तात्पर्य एवढंच, की मोठं काय आहे हे बघण्याआधी आपलं काम केवढं आहे ते बघावं, आणि ते ओढणाऱ्या बैलाला विसरू नये.