चौसष्ट खुणा आणि एक ठिपका

एकदा एका घाटवाटेवर, माथ्यापासून थेट खाडीपर्यंत, सात गावे होती आणि सातही गावांत औषध देणारे कुणी ना कुणी होते. वाट वर्दळीची होती. मीठ, कापड, हिरडा, मध लादलेले बैल दिवसभर चढत-उतरत असत. वाटसरू आजारी पडला की वाटेतल्या गावी थांबे, औषध घेई आणि पुढे निघे. निघताना वैद्य त्याच्या हाती एक चिठ्ठी देई. काय दिले, किती दिले, केव्हा दिले, ते पुढच्या गावच्या वैद्याला कळावे हा हेतू. अक्षर सर्वांनाच येत नसे, म्हणून चिठ्ठीवर खुणा असत. हेतू चांगला होता. अडचण एवढीच, की प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या होत्या, आणि दुसऱ्याच्या खुणा शिकणे म्हणजे आपल्याकडे कमीपणा घेणे, अशी या विद्वान मंडळींची पक्की समजूत होती.

माथ्यावरच्या गावी एक वृद्ध वैद्यराज राहत. त्यांचा त्रिंबक नावाचा शिष्य अकरा वर्षे त्यांच्याजवळ शिकत होता. त्याने स्वतःच्या बुद्धीने चौसष्ट खुणा रचल्या होत्या. नाडीचे तेरा प्रकार, औषध कशाबरोबर घ्यायचे ते अनुपान, दिवसाचे आठ प्रहर, रोग्याची प्रकृती, सारे काही त्या खुणांनी बोटभर कागदावर मावत असे. आणि त्या दिसतही सुंदर. त्रिंबक चिठ्ठी लिहून झाली की ती क्षणभर हातात धरून पाहत असे, रोगी दारात ताटकळत उभा असला तरी.

एके दिवशी सकाळी एक व्यापारी आपल्या माणसाला घेऊन आला. भिवा त्याचे नाव. वीस वर्षे तो व्यापाऱ्याच्या तांड्यापुढे चालत आला होता, आणि आज त्याला तापाने उभे राहवत नव्हते. त्रिंबकाने नाडी पाहिली आणि शुद्ध केलेला बचनाग अगदी अल्प मात्रेत दिला. बचनाग हे मुळात विष. मात्रा राखली तर ताप उतरवते, आणि एकावर एक दोन मात्रा झाल्या तर माणूस नेते. त्रिंबकाने हे सारे चिठ्ठीवर नेमके उतरवले.

व्यापाऱ्याने ती चिठ्ठी निरखून पाहिली. "वैद्यबुवा, हे दुसऱ्या कुणाला वाचता येतं?"

"शिकल्याशिवाय नाही," त्रिंबक म्हणाला. त्याच्या स्वरात थोडा अभिमान होता.

"मग शिकवू नका कुणाला. मी सातही गावांत तुमच्या नावाचे दवाखाने घालतो. एकदा ज्याच्या हाती तुमची चिठ्ठी पडली, तो दुसऱ्या वैद्याच्या दारी जाऊच शकणार नाही. गेला तरी त्या वैद्याला काय कळणार आहे?"

त्रिंबक हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. परतीच्या वाटेवर बोलू, असे ठरले, आणि ताप उतरताच भिवाला घेऊन व्यापारी घाट उतरू लागला. त्या दिवशी दुपारचे जेवणही त्याला नीट गेले नाही. सात गावे, सात दवाखाने आणि प्रत्येक दारावर आपली खूण, हेच त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होते.

चौथ्या दिवशी व्यापारी परत आला. एकटाच आला. त्याने मुठीतली चिठ्ठी त्रिंबकापुढे ठेवली.

"तिसऱ्या गावी भिवाचा ताप पुन्हा चढला," तो म्हणाला. "तिथल्या वैद्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. दोनदा वर, दोनदा खाली. काही कळेना. मलाही सांगता येईना, कारण मला तरी कुठे वाचता येत होती. मग त्याने आपल्या समजुतीने औषध दिलं. बचनागच दिला. सूर्य मावळायच्या आत भिवाची जीभ बधिर झाली, हातपाय गार पडले." "कुणाला वाचता येऊ नये, असं मीच म्हणालो होतो. तसंच झालं."

त्रिंबकाला काहीतरी बोलायचे होते. त्या वैद्याने थांबायला हवे होते, वर माणूस धाडून विचारायला हवे होते. त्याने गुरूंकडे पाहिले. वैद्यराज चिठ्ठीकडे पाहत होते. तिच्यात एकही चूक नव्हती, आणि हेच त्रिंबकाला सर्वांत असह्य झाले. चूक असती तर ती धरून तरी त्याला रडता आले असते.

वैद्यराजांनी सातही गावांना निरोप धाडला: पौर्णिमेला या, सर्वांची मिळून एकच खूण ठरवू. पौर्णिमेला बारा दिवस होते, आणि त्या बारा दिवसांत त्रिंबकाने मान वर केली नाही. आपल्या चौसष्ट खुणांच्या त्याने सहा सुबक प्रती केल्या. आता त्याला दवाखाने नको होते. सर्वांना फुकट देऊन टाकू, भिवाचे ऋण निदान एवढे तरी फिटेल, असे त्याला मनापासून वाटत होते.

पौर्णिमेला मंडळी जमली. तिसऱ्या गावचा वैद्य आला होता, मान खाली घालून. खाडीकाठच्या सातव्या गावाहून साळूबाई आली होती. ती कुठल्या गुरूकडे शिकलेली नव्हती, सासूकडून चालत आलेली औषधे देत असे, म्हणून आपणहून दाराशीच बसली. त्रिंबकाने प्रती वाटल्या. सर्वांनी माना डोलावल्या. याहून नेमके काही असू शकत नाही, हे शत्रूनेही कबूल केले असते. आता फक्त वैद्यराजांचा शब्द यायचा होता.

वैद्यराज उठले, आणि बैठक ओलांडून दाराशी जाऊन साळूबाईपुढे मांडी घालून बसले. शेजारची पाटी त्यांनी मांडीवर घेतली.

"बाई, तुमच्या खुणा मला शिकवा."

साळूबाईने पदर सावरला. "बुवा, गरिबाची चेष्टा करताय व्हय?"

"नाही. शिकवा."

तिच्या अठराच खुणा होत्या. फुली म्हणजे बचनाग. वर फुगलेला अर्धा गोल म्हणजे उगवता सूर्य, सकाळी दिले. खाली फुगलेला म्हणजे मावळता, संध्याकाळी दिले. दोन आडव्या रेघा म्हणजे चार प्रहर पुन्हा देऊ नका. सगळ्या अशाच, कोळशाने भिंतीवर काढाव्या तशा. वैद्यराजांचा हात थरथरत होता. एकदा त्यांनी गोल चुकीच्या बाजूला फुगवला. साळूबाईने त्यांचा हात धरून पुसायला लावला, आणि सत्तर वर्षांच्या त्या पंडिताने मुकाट्याने पुसून पुन्हा काढला.

त्रिंबक तिथून उठला आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. त्याला अपमान वाटला. रागही आला. भिवाच्या मृत्यूची शिक्षा म्हणून गुरूंनी चारचौघांत आपले नाक कापले, असेच त्याने मनाशी धरले. पाऊल वाजले तेव्हा त्याने वळूनही पाहिले नाही.

"गुरुजी, माझ्या खुणांत काय कमी होतं?"

"काहीच कमी नव्हतं. तिच्या खुणांपेक्षा त्या सर्व अंगांनी सरस आहेत."

"मग?"

वैद्यराज पायरीवर बसले. "तुझ्या खुणा शिकायला दोन वर्षे लागतात. तिच्या एका दुपारी येतात. तिच्या गावात नावाड्यालाही त्या वाचता येतात, गुराख्यालाही. भिवाचा ताप चढला तेव्हा त्याच्याजवळ कोण होते? तू नव्हतास, मी नव्हतो. बैल हाकणारे चार जण होते, आणि तुझ्या खुणा न येणारा एक वैद्य. चिठ्ठी त्यांच्यासाठी होती, त्रिंबका, आणि तू ती आपल्यासाठी लिहिलीस."

"आज तू सर्व देऊन टाकायला निघालास, हे मी पाहिले. मला समाधान वाटले. पण तुझे दान घेतले तरी दर वेळी अर्थ विचारायला लोकांना तुझ्याच दाराशी यावे लागले असते. जी खूण सर्वांनी वापरायची, तिला मालक असून चालत नाही, आणि दाता असूनही चालत नाही. नाडीचे तेरा प्रकार तू तुझ्या वहीत लिही, तिथे ते हवेतच. वाटेवर मात्र सर्वांना कळेल तेवढेच जाऊ दे." ते थांबले. "आणि माझ्याही खुणा होत्या. चाळीस वर्षे मी त्या जपल्या. तू फक्त माझा थरथरता हात पाहिलास. मी त्या पाटीवर काय पुसत होतो, ते तुला दिसले नाही."

हे ऐकून त्रिंबकाचा राग ओसरला. दुःख तसेच राहिले. तो आत गेला, तेव्हा इतर वैद्यही पाट्या घेऊन साळूबाईच्या खुणा गिरवत होते. तो तिच्यापुढे बसला, आणि त्याने पाटी घेतली. अठरा खुणा त्याला घटकाभरात आल्या. तरी तो उठेना. तिसऱ्या गावच्या वैद्याने चिठ्ठी दोनदा वर, दोनदा खाली फिरवली होती, ते त्याच्या मनातून जात नव्हते. त्याने पाटी हळूच उलटी धरली.

"बाई, चिठ्ठी अशी हातात आली तर? सकाळ संध्याकाळ होते."

साळूबाई वाकून बघत राहिली. "खरं हाय. आमच्यात चिठ्ठीला वरनं दोरा बांधत्यात, म्हणून कधी ध्यानातच आलं न्हाई. पर दोरा तुटला तर?"

त्रिंबकाने पाटीच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला. "हा वर राहील असं धरायचं."

"हे चांगलं केलंत," ती म्हणाली, आणि तिने आपल्या पाटीवरही ठिपका दिला. मग तिसऱ्या गावच्या वैद्याने दिला. मग सर्वांनी दिला. चौसष्ट खुणांपैकी एकही त्या वाटेवर गेली नाही, गेला तो हा ठिपका.

व्यापारी पुन्हा कधी दवाखान्यांविषयी बोलला नाही. त्याने आपल्या औषधींच्या गोण्यांवर त्याच खुणा रंगवून घेतल्या. हळूहळू इतरांनीही तेच केले. खाडीकाठची वनस्पती माथ्यावरचा वैद्य नुसती गोणी पाहून घेऊ लागला, आणि जी झाडे आजवर एकाच गावात विकली जात ती सातही गावांत जाऊ लागली.

बरीच वर्षे लोटली. वैद्यराज गेले, साळूबाई गेली. त्रिंबक स्वतः म्हातारा झाला. एका दुपारी चार अनोळखी वाटसरूंनी एका तरुण स्त्रीला त्याच्या ओसरीवर आणून निजवले. ती वाटेत पडलेली सापडली होती. तापाने तिची शुद्ध हरपली होती. ती कोण, कुठली, काय घेतले, कुणालाच ठाऊक नव्हते. त्रिंबकाने नाडी पाहिली आणि बचनागाची बरणी उघडली. मात्रा काढताना त्याला तिच्या कनवटीला चिठ्ठी दिसली. दोरा तुटलेला होता. त्याने ती उलगडली. फुली, दोन रेघा आणि खाली फुगलेला अर्धा गोल. काल संध्याकाळी दिले, चार प्रहर केव्हाच उलटले. आता द्यायला हरकत नव्हती. मग त्याला खालच्या कोपऱ्यात ठिपका दिसला.

त्याने चिठ्ठी फिरवून सरळ धरली. अर्धा गोल वर फुगला. औषध आज सकाळीच दिलेले होते, चार प्रहर अजून उलटायचे होते.

त्रिंबकाने बरणीचे झाकण लावले. त्याने तिच्या कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवली आणि तो तिच्या उशाशी बसून राहिला. संध्याकाळी तिने डोळे उघडले, पाणी मागितले. दुसऱ्या दिवशी ती आपल्या वाटेने खाली उतरून गेली. आपल्यावर काय ओढवणार होते ते तिला कधीच कळले नाही. ओसरीवरच्या लोकांनाही नाही. त्यांच्या लेखी त्या दिवशी काहीच घडले नव्हते.

आपल्या चिठ्ठ्या आता संगणक लिहितात आणि संगणकच वाचतात. एका गावी केलेली रक्ताची तपासणी दुसऱ्या गावच्या डॉक्टरला उघडता येते, एका दुकानाने धाडलेली मागणी परमुलखातल्या कारखान्याला समजते, त्यामागे कुणी कुणी एकत्र बसून ठरवलेली अशीच एक साधी, सामायिक खूण असते. तिला आपण मानक म्हणतो, आणि ती आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. तिच्यासाठी आपल्या चौसष्ट खुणा पुसून टाकणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपला दिवस काही न घडता मावळतो, तो त्यांच्यामुळे.