न विचारता टाकलेली मूठ

किसमेट्या डोंगराच्या पायथ्याला हा जो भाजलेला खड्डा दिसतो, त्यात पाऊस कितीही पडो, गवताचं पातं उगवत नाही. साहेब, जरा कडेने बसा. तुमच्या कंपनीचे लोक इथे उभे राहून फोटो काढतात, खड्ड्याची गोष्ट मात्र कोणी विचारत नाही. विचारली असती तरी मी कुठे धड सांगितली असती? ती आमच्याच घराची गोष्ट आहे.

फार पूर्वी इथल्या कपारीतून वारा निघायचा आणि लाकडावाचून जळायचा, म्हणे. डोंगराचा श्वास म्हणायचे त्याला. नवं धान्य आलं की बाया इथूनच विस्तव नेऊन चुली पेटवायच्या. वरच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, तीन घरांची वस्ती होती. ही जमीन त्यांची, विस्तवाची राखणही त्यांचीच.

एकदा राजाचा कारभारी आला. लोखंडाच्या भट्ट्यांसाठी त्याला हा वारा पोकळ बांबूंतून नदीपलीकडे न्यायचा होता. गावाने हो म्हटलं तरच न्यायचा, असं राजाने बजावलं होतं असे सांगतात. आमच्याकडे गावाचा होकार तोंडी नसतो. गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, टोपली ठेवतात, सगळं गाव भोवती बसतं आणि प्रत्येक चुलीने कोसरीचं मूठभर धान्य त्यात टाकायचं असतं. एका चुलीने हात आखडला तरी बेत मोडला.

वरच्या टोल्याची माणसं तेव्हा मोहफुलं वेचायला दूरच्या रानात मुक्कामाला होती. कारभाऱ्याला घाई. गावचा प्रमुख, भूमिया मालू, म्हणजे आमचा मूळपुरुष. कारभाऱ्याने त्याला शेजारी बसवून शहाणपणाची तारीफ केली, आणि मालू चढला हरभऱ्याच्या झाडावर. लग्नकार्यात गैरहजर भावाची मूठ दुसऱ्याने टाकायची, ही आमच्याकडची जुनी माया. मालूने तीच रीत इथे लावली. "आपलीच मानसं हायेत," असं म्हणून त्याने स्वतःच्या कणगीतल्या तीन मुठी टोपलीत टाकल्या. बसलेल्यांपैकी कोणीही त्याचा हात धरला नाही. ती लाज सगळ्या गावाची.

बांबू रोवले, कपार खणली. आठव्या दिवशी डोंगराने पेट घेतला. तिन्ही घरं, बियाणं, देवाची जागा, सगळं जळालं. मोहाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन माणसं परतली, तेव्हा राखेतून धूर निघत होता आणि कारभारी केव्हाच निघून गेला होता.

त्या टोल्यावर जुरी नावाची म्हातारी होती. ती राखेकडे न जाता आधी गोटुलात आली.

"आमच्या चुलीची मूठ कोनं टाकली?"

"मीनं," मालू म्हणाला. "भाऊ समजून टाकली."

"भाऊ लग्नात जेवू घालते, मालू. माह्या तोंडानं बोलत नाही. घर पुन्ना बांधता येते. पन आमाले कोनी विचारलंच नाही, ते कसं भरून देशील?"

तिन्ही घरं नदी ओलांडून गेली ती परतलीच नाहीत. मालूने शपथ घेतली की आपल्या वंशातला कोणी टोपलीला हात लावणार नाही, सभा असेल तेव्हा गोटुलाच्या उंबऱ्याबाहेर बसेल.

आजही सभा भरली की मी उंबऱ्याबाहेर बसतो. पाहुण्यांना वाटतं, म्हातारा मानी आहे. मानी कसला! मागच्या महिन्यात तुमचा माणूस गॅससाठी इथे खणायच्या संमतीचा कागद घेऊन आला. दोन घरं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली. त्याने मला आजोबा म्हणत खुर्ची दिली. कागद म्हणजे काही टोपली नव्हे, अशी मी माझी समजूत घातली, आणि त्या दोन घरांच्या नावांपुढे माझा अंगठा उठवला.

परवा ती माणसं परत आली. वाटेत मला वाकून जोहार करून गेली. त्यांना अजून ठाऊक नाही. त्या जोहाराला उत्तर द्यायला माझा हात उठला नाही, साहेब, मला माझीच शरम वाटली. उद्या सभा आहे. तुम्ही तो कागद घेऊन या. अंगठा माझा आहे हे मी उंबऱ्याबाहेरून सांगेन, आणि तो कागद ठेवायचा की फाडायचा, हे त्यांना विचारू.